परसबागेतील फळझाडांवरील बुरशीजन्य रोगांचा प्रसार : परळच्या चाकरमान्यांच्या कोकणातील घरबागांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

परळ-लालबाग परिसरातील अनेक कुटुंबांची कोकणात घरे असून त्या घरांभोवती आंबा, काजू, फणस, माड व पोफळ यांची मिश्र परसबाग असते. अशा बागेत एका झाडावर आलेला बुरशीजन्य रोग दुसऱ्या झाडावर कोणत्या मार्गाने जातो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भुरी, करपा व कोळेरोग या तीन रोगांचे मार्ग अनुक्रमे वारा, दव-पावसाचे थेंब आणि वादळी पाऊस असे भिन्न आहेत. प्रत्येक रोगाचा हंगामही वेगळा आहे. मालक गावी नसण्याचा काळ आणि रोग रोखण्याचा काळ एकच असल्याने हा प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकाच समाजशास्त्राचाही ठरतो. एकेका झाडाऐवजी संपूर्ण परसबाग, आणि शक्य तेथे संपूर्ण वाडी, हाच उपाययोजनेचा घटक मानावा, असे येथे प्रतिपादन केले आहे.

कळीचे शब्द : परसबाग, बीजाणू, भुरी, करपा, कोळेरोग, बोर्डो मिश्रण, चाकरमानी, गिरणगाव

१. प्रस्तावना

परळ हे नाव उच्चारताच गिरण्यांचे भोंगे, चाळी, रुग्णालये आणि अलीकडे उंच इमारती डोळ्यांसमोर येतात. फळबागेची आठवण सहसा कोणास होत नाही. तथापि या परिसराचा आणि फळझाडांचा संबंध जुना आहे. गिरण्या उभ्या राहण्यापूर्वी मुंबई बेटावर माड, ताड व आंब्याच्या वाड्या होत्या. परळच्या दक्षिणेस असलेल्या माझगावच्या आंब्याची ख्याती तर बेटाबाहेर पोहोचली होती, आणि तेथील काही झाडे वर्षातून दोन वेळा फळत असल्याचे उल्लेख आढळतात. पुढे वाड्या गेल्या व गिरण्या आल्या. या गिरण्यांत काम करण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातून (ज्यातून १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला) मोठ्या संख्येने माणसे आली. त्यांनी गावाकडील घर आणि घराभोवतीचे परडे सोडून दिले नाही. चाकरमानी म्हणून ओळखला जाणारा हा वर्ग मुंबईत राबत राहिला आणि गणपती, शिमगा व मे महिना या निमित्तांनी गावी जात राहिला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक कुटुंबांना गावच्या या परड्याचाच आधार घ्यावा लागला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णतः सुरू झाल्यावर ये-जा सुलभ झाली. आज दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतील मंडळी नोकरी-व्यवसायानिमित्त मुंबईतच स्थायिक असली, तरी गावची चार आंब्याची कलमे, दोन फणस, काही काजू आणि विहिरीकडेची माड-पोफळीची रांग ही त्यांच्या मालमत्तेचाच नव्हे, तर कुटुंबाच्या ओळखीचाही भाग आहे. ही झाडे रोगग्रस्त झाली की एका हंगामाच्या फळांपेक्षा अधिक काही हातचे जाते, कारण पोफळ किंवा माड शेंड्यातून कुजला की तो पुन्हा फुटत नाही, आणि आजोबांनी लावलेल्या झाडाची जागा नवे रोप एका पिढीच्या आत भरून काढू शकत नाही.

आपल्या महाविद्यालयांतील अनेक प्राध्यापकांचा व विद्यार्थ्यांचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध असतो. परंतु कृषिविषयक लेखन बहुधा व्यापारी बागायतदारास उद्देशून होत असल्याने घराभोवतीच्या मिश्र बागेचा स्वतंत्र विचार त्यात कमी आढळतो. ही उणीव लक्षात घेऊन प्रस्तुत विवेचन केले आहे.

२. प्रसाराचा मार्ग समजणे का आवश्यक : परळचाच एक दाखला

रोग दिसतो, पण त्याचा मार्ग दिसत नाही. मार्ग माहीत नसेल तर उपाय चुकीच्या ठिकाणी केला जातो. या विधानाचा उत्तम दाखला परळमध्येच सापडतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा घरे धुणे, सामान जाळणे, प्रवाशांची तपासणी करणे व रुग्णांना सक्तीने हलविणे असे उपाय योजले गेले. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञाने उंदरावरील पिसू हा प्लेगचा वाहक असल्याचे प्रतिपादन केले, पण ते लगेच मान्य झाले नाही. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून प्लेग संशोधन प्रयोगशाळा कार्यरत होती. हीच संस्था १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने येथे केलेल्या प्रयोगांनी पिसवांचा मार्ग निःसंशय सिद्ध केला. मार्ग कळल्यावरच उपायांची दिशा ठरली.

वनस्पतींच्या रोगांबाबतही हेच तत्त्व लागू पडते. वनस्पतिरोगशास्त्रात 'रोगत्रिकोण' ही संकल्पना मूलभूत मानली जाते. रोगास बळी पडणारी वनस्पती, रोगकारक सूक्ष्मजीव आणि अनुकूल हवामान या तीन बाजू एकाच वेळी जुळल्या तरच रोग होतो. यांपैकी एक बाजू तोडली तरी रोग थांबतो. परसबागेत वनस्पती आपण बदलू शकत नाही आणि हवामान तर नाहीच नाही. म्हणून रोगकारकाचा साठा कमी करणे आणि त्याचा मार्ग अडविणे, एवढेच आपल्या हाती उरते.

३. बुरशी आणि बुरशीसदृश जीव

बुरशीला हरितद्रव्य नसते, त्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. जिवंत किंवा मृत सेंद्रिय पदार्थांवर ती वाढते. तिचे शरीर सूक्ष्म तंतूंचे असते. या तंतुजालावर बीजाणू तयार होतात. बीजाणू म्हणजे बुरशीचे बी असे ढोबळमानाने म्हणता येईल, मात्र ते इतके लहान असतात की सुटा बीजाणू साध्या डोळ्यांना दिसत नाही. आपणास दिसते ती पांढरी भुकटी किंवा काळा डाग म्हणजे लक्षावधी बीजाणूंचा समूह किंवा त्यांनी घडविलेला परिणाम होय.

येथे एक भेद ध्यानात घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे. पोफळीवरील कोळेरोग व माडाची कोंबकुज हे रोग व्यवहारात बुरशीजन्य म्हणून ओळखले जात असले, तरी त्यांना कारणीभूत असणारा फायटॉप्थोरा हा जीव आधुनिक वर्गीकरणानुसार खरी बुरशी नाही. तो ऊमायसीट या गटातील असून तपकिरी शैवालांना अधिक जवळचा आहे. १८४५ मध्ये आयर्लंडमधील बटाट्याचे पीक नष्ट करून भीषण दुष्काळ घडविणारा जीव याच प्रजातीकुलातील होता. फायटॉप्थोरा या ग्रीक नावाचा अर्थच 'वनस्पतींचा नाश करणारा' असा आहे. हा भेद केवळ पुस्तकी नाही. गंधक भुरीवर उत्तम परिणाम करते, पण फायटॉप्थोरावर त्याचा उपयोग होत नाही. हेक्झाकोनॅझोलसारखी औषधे बुरशीच्या शरीरातील स्टेरॉल तयार होण्याची क्रिया बंद पाडतात. फायटॉप्थोरा स्वतः स्टेरॉल तयारच करीत नसल्याने ही औषधे त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात. 'आंब्याला आणलेले औषध उरले आहे, तेच पोफळीला मारू' हा विचार म्हणूनच खर्चिक आणि निरुपयोगी होय.

४. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर : चार वाटा

(अ) वाऱ्याची वाट : भुरी

आंब्याच्या मोहोरावर पीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसू लागला की तो भुरी रोग समजावा. या रोगाच्या बुरशीची प्रथम नोंद १९१४ मध्ये ब्राझीलमध्ये झाली. आपल्याकडे बी. एन. उप्पल, एम. के. पटेल व एम. एन. कामत यांनी १९४१ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात या रोगावर लेख प्रसिद्ध केला होता, ही बाब मुंबईतील अध्यापकांना विशेष वाटावी. भुरीचे बीजाणू वाऱ्याबरोबर सहज उडतात. त्यांना रुजण्यासाठी पाण्याचा थेंब लागत नाही, उलट जोरदार पावसाने ते धुतले जातात. थंड रात्री, उबदार दिवस व हवेतील मध्यम आर्द्रता त्यांना मानवते. कोकणात डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, नेमक्या मोहोराच्या दिवसांत, अशी हवा असते. बुरशी फुलांच्या व कोवळ्या देठांच्या पृष्ठभागावर पसरते आणि पेशींतील रस शोषते. फुले व वाटाण्याएवढी फळे सुकून गळतात. मोहोर संपल्यावर ही बुरशी जुन्या पानांवर व झाडावरच राहिलेल्या मोहोराच्या अवशेषांवर तग धरून राहते.

भुरी काजूच्या मोहोरावरही येते. आंब्यावरील व काजूवरील भुरी एकाच प्रजातीची असल्याचे मत अलीकडील वर्गीकरणात मांडले गेले आहे. परसबागेत या दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना लागलेल्या असतात. तेव्हा आंब्यावर औषध मारून शेजारच्या काजूकडे दुर्लक्ष करणे म्हणजे पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवणे होय.

(आ) थेंबाची वाट : करपा

करपा रोगास कॉलेटोट्रिकम या प्रजातीकुलातील बुरशी कारणीभूत असते. पानांवर तपकिरी-काळे ठिपके, मोहोराचे काळे पडणे, फांद्यांचे शेंड्याकडून सुकणे आणि पिकलेल्या फळावरील काळे, खोलगट डाग ही तिची लक्षणे होत. तिचे बीजाणू चिकट द्रव्यात गुंतलेले असल्यामुळे कोरड्या वाऱ्याने उडत नाहीत. पावसाचा किंवा दाट दवाचा थेंब त्यांना सोडवितो आणि खालच्या फांदीवर, पानावर वा फळावर नेऊन टाकतो. म्हणून सुकलेली फांदी जेथे असेल तिच्या खालच्या फळांवर डाग अधिक दिसतात. कधी कधी देठाकडून खाली ओघळ गेल्याप्रमाणे डागांची रेघ उमटते. पाणी जसे वाहिले तसा रोग वाहिला, याचा तो फळावर लिहिलेला पुरावाच असतो.

या बुरशीचे वैशिष्ट्य म्हणजे ती कच्च्या फळात शिरून निद्रिस्त राहते. काढणीच्या वेळी फळ निर्दोष दिसते आणि अढीत पिकू लागल्यावर डाग उमटतात. गावाहून आलेल्या पेटीतील आंबे परळच्या खोलीत चार दिवसांत काळे पडले, तर दोष प्रवासाचा किंवा अढीचाच असतो असे नाही. रोगाची लागण त्याआधी कित्येक आठवडे झाडावरच झालेली असू शकते. कॉलेटोट्रिकम गटातील बुरशी काजू, पपई, पेरू अशा अनेक फळझाडांवरही आढळते.

(इ) वादळी पावसाची वाट : कोळेरोग व कोंबकुज

कोळेरोग हे नाव कन्नडमधून आले असून 'कोळे' म्हणजे कुजणे. मैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास या रोगाचा सखोल अभ्यास केला. पावसाळा सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत हिरव्या सुपारीवर देठाजवळ पाणी भरल्यासारखे गडद डाग पडतात, सुपाऱ्या गळतात आणि गळलेल्या फळांवर पांढरे तंतुजाल दिसते. फायटॉप्थोराच्या बीजाणुपिशव्यांतून पाण्यात पोहणारे चलबीजाणू बाहेर पडतात. त्यांना दोन कशाभिका असतात आणि पाण्याचा पातळ थरही त्यांना पुरतो. सततचा पाऊस, मधूनच पडणारे ऊन, कमी तापमान आणि ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रता ही या रोगाची हवा होय. वाऱ्याने तिरपा झालेला पाऊस बीजाणू एका पोफळीच्या घडावरून दुसऱ्या पोफळीवर नेतो. रोग घडावरून शेंड्यात उतरला तर झाडच मरते.

माडाची कोंबकुज फायटॉप्थोरा पामिव्होरा या प्रजातीमुळे होते. मधला कोवळा कोंब पिवळा पडतो, ओढल्यास सहज हाती येतो आणि बुडाशी दुर्गंधी येते. माडाला एकच वाढीचा कोंब असल्याने रोग उशिरा लक्षात आला तर झाड वाचत नाही. मेलेला माड उभाच ठेवला तर तो पुढील पावसाळ्यात शेजारच्या माडांना रोग पुरवितो.

(ई) माणसाच्या हाताची वाट

वारा व पाऊस यांना दोष देणे सोपे असते. परंतु रोगट घड कापलेली कोयती तशीच दुसऱ्या झाडावर वापरणे, गळलेल्या सुपाऱ्या विहिरीच्या पाटात लोटणे, रोगट फांद्या कुंपणाशी टाकून देणे आणि न पारखता रोपे आणून लावणे या मार्गांनी माणूसही रोग पसरवितो. विशेषतः मातीतून व कुंडीतून येणारा फायटॉप्थोरा रोपासोबत गावात प्रवेश करतो.

५. परसबागेचे वेगळेपण

व्यापारी बागेत एकाच जातीची झाडे ठरावीक अंतरावर असतात. परसबाग मात्र पिढ्यांनी मिळून घडविलेली असते. जेथे जागा मिळाली तेथे झाड लावले गेले. आंब्याखाली काजू, पोफळीवर चढविलेली मिरी, माडाच्या सावलीत जायफळ अशी तिची बहुमजली रचना असते. या वैविध्याचा लाभ निश्चित आहे, कारण एका रोगाने सर्व बाग सहसा जात नाही. पण दाटीमुळे तीन अडचणी उद्भवतात. पहिली अशी की हवा खेळत नाही आणि दव व पावसाचे पाणी पानांवर दीर्घकाळ टिकते. दुसरी म्हणजे वरच्या झाडावरील थेंब थेट खालच्या झाडावर पडतात. तिसरी म्हणजे जुन्या उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत औषध पोहोचत नाही, आणि रोगाचा साठा तेथेच सुरक्षित राहतो.

याशिवाय घराघरांतील कुंपणे रोगाला ओळखता येत नाहीत. एका भावकीच्या चार घरांची परडी सातबाऱ्यावर वेगळी असली, तरी बीजाणूंच्या दृष्टीने ती एकच बाग असते. त्यांपैकी दोन घरांना कुलूप असेल, तर उरलेल्या दोघांनी कितीही काळजी घेतली तरी तिचे फळ अर्धेच मिळते. सामाईक मालकीच्या झाडांबाबत हा प्रश्न अधिक बिकट होतो. फळांत वाटा सर्वांचा असतो, पण मेलेला माड तोडण्याचा खर्च कोणी करावयाचा, यावर निर्णय होत नाही आणि माड उभाच राहतो.

६. दोन कालगणना

या विषयाचे मर्म दोन कालगणनांच्या विसंगतीत आहे. एक रोगाची आणि दुसरी चाकरमान्याची.

चाकरमानी मे महिन्यात गावी असतो. आंबे काढतो, फणस खातो आणि शाळा सुरू होण्याच्या आत परततो. कोळेरोगावरील पहिली व सर्वांत महत्त्वाची फवारणी पावसाळा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा या काळात करावयाची असते. परतीच्या गडबडीत नेमकी तीच राहून जाते. दुसरी फवारणी त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी, म्हणजे जुलैच्या मध्यास येते, तेव्हा घर बंद असते. गणपतीत तो पुन्हा येतो, तोपर्यंत सुपारीची गळ होऊन गेलेली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आंब्याच्या मोहोराचा व भुरीचा काळ. या काळात आंगणेवाडीसारख्या जत्रेनिमित्त एक-दोन दिवसांची फेरी होते, पण बागेसाठी सवड नसते. शिमग्याला तो येतो तेव्हा भुरीने आपले काम केलेले असते. थोडक्यात, चाकरमान्याला रोगाचा परिणाम दिसतो, पण रोगाचा काळ दिसत नाही. 'यंदा मोहोर बक्कळ होता, पण धरला नाही' किंवा 'कोणाची तरी नजर लागली' अशी स्पष्टीकरणे या न दिसलेल्या काळातून जन्म घेतात.

७. उपाययोजना

वरील चर्चेच्या आधारे काही व्यवहार्य उपाय पुढीलप्रमाणे मांडता येतील.

स्वच्छता : रोगाचा साठा कमी करणे हा सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित उपाय होय. गणपतीत गळलेल्या सुपाऱ्या व रोगट घड गोळा करून नष्ट करावेत. दिवाळीच्या सुमारास आंब्याच्या सुकलेल्या फांद्या, जुन्या मोहोराचे अवशेष आणि बांडगुळे काढावीत. मेलेले माड-पोफळ पावसाळ्यापूर्वी तोडून त्यांचा शेंडा जाळावा किंवा खोल पुरावा. कोयती प्रत्येक रोगट झाडानंतर स्वच्छ करून घ्यावी.

विरळणी : एकमेकींत घुसलेल्या फांद्या छाटून झाडाच्या मध्यापर्यंत ऊन व वारा पोहोचेल असे पाहावे. त्यामुळे दव लवकर सुकते आणि करप्याला लागणारा ओलावा मिळत नाही. छाटलेल्या जागी बोर्डो मलम लावावे.

बोर्डो मिश्रण : फ्रान्समधील बोर्डो परिसरात द्राक्षांवरील केवड्यासाठी मिलार्दे यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेले हे मिश्रण आजही फायटॉप्थोरावर विश्वासार्ह आहे. एक टक्का तीव्रतेसाठी १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवावा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची असावीत, लोखंडाची नसावीत. नंतर मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या निवळीत सावकाश ओतून ढवळावे. तयार मिश्रणात लोखंडी सुरी थोडा वेळ बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद अधिक आहे असे समजून आणखी चुना घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. पोफळीचे घड सर्व बाजूंनी भिजतील अशी फवारणी पाऊस नसलेल्या दिवशी करावी. मोजक्या पोफळी असल्यास पावसाळ्यापूर्वी घडांवर प्लॅस्टिकचे आवरण बांधण्याचाही उपयोग होतो, कारण त्यामुळे रोगाला लागणारा थेंबच अडतो.

मोहोराचे संरक्षण : भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक ०.२ टक्के किंवा शिफारस केलेले अन्य बुरशीनाशक मोहोर फुलण्यापूर्वी वापरावे. मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळावी, अन्यथा परागीभवन करणाऱ्या कीटकांना अपाय होतो. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आंब्याच्या मोहोर संरक्षणाचे वेळापत्रक प्रसिद्ध करते. औषधाची निवड व प्रमाण त्यानुसारच ठरवावे. एकच आंतरप्रवाही औषध पुन्हा पुन्हा वापरल्यास बुरशीत प्रतिकारक्षमता निर्माण होण्याचा संभव असतो.

काढणीनंतर : करप्याची निद्रिस्त लागण कमी करण्यासाठी काढलेली फळे सुमारे ५२ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात १० मिनिटे ठेवून सुकविण्याची पद्धत आहे. घरगुती प्रमाणात हे करताना तापमापकाचा वापर अनिवार्य आहे, कारण थोड्याशा अधिक उष्णतेनेही फळाची साल भाजते.

८. सामूहिक कृतीची गरज

विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात ताड व माडांवर कोंबकुजीची साथ आली होती. एडविन बटलर या कवकशास्त्रज्ञाने तिचा अभ्यास केला आणि रोगट ताडांचे शेंडे तोडून जाळण्याची मोहीम सरकारी पातळीवर राबविण्यात आली. वैयक्तिक मालकीच्या झाडांचा रोग हा सार्वजनिक प्रश्न असतो, हे त्या मोहिमेने अधोरेखित केले.

कोकणातील वाड्यांसाठी अशी यंत्रणा नव्याने उभारण्याची गरज नाही. ती एका अर्थी परळमध्येच आहे. गिरणगावात गावोगावच्या मंडळांनी खोल्या घेतल्या, गावाहून नव्याने आलेल्या तरुणांना आसरा दिला, भजनी मंडळे चालविली, गावच्या देवळासाठी व शाळेसाठी वर्गणी जमविली. हीच मंडळे वाडीपुरती एक साधी व्यवस्था करू शकतील. गावात राहणाऱ्या, झाडावर चढण्यात व फवारणीत कुशल असलेल्या एक-दोघांना ठरावीक मोबदला द्यावा. मेअखेर, जुलैचा मध्य आणि मोहोराचा काळ अशा ठरलेल्या वेळी सर्व घरांच्या परड्यांत एकाच फेरीत फवारणी व्हावी आणि खर्च झाडांच्या संख्येनुसार वाटून घ्यावा. मेलेली झाडे तोडण्याचा निर्णय भावकीच्या बैठकीत मे महिन्यातच, सर्वजण एकत्र असताना, घेतला जावा. यामुळे गावातील कुशल माणसाला काम मिळेल आणि बंद घरांच्या परड्यांतून होणारा रोगाचा पुरवठाही थांबेल.

महाविद्यालयांनाही येथे वाव आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या परसबागेतील रोगांचे नमुने व दिनांकवार नोंदी ठेवल्या, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी होणारे नुकसान व उपायांचा खर्च यांची तुलना केली आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सामाईक मालकीचे प्रश्न अभ्यासले, तर आंतरविद्याशाखीय प्रकल्पाचा हा एक सकस विषय ठरेल.

९. निष्कर्ष

१. परसबागेतील बुरशीजन्य रोगांचे मार्ग भिन्न आहेत. भुरी वाऱ्याने, करपा दव-पावसाच्या थेंबांनी आणि कोळेरोग वादळी पावसाने पसरतो. म्हणून उपायही भिन्न असावेत.

२. फायटॉप्थोरा ही खरी बुरशी नसल्याने गंधकासारखी बुरशीनाशके त्यावर चालत नाहीत. त्यासाठी बोर्डो मिश्रण व स्वच्छता यांवर भर द्यावा.

३. रोग रोखण्याचा काळ आणि मालकाच्या गैरहजेरीचा काळ एकच असणे, हे चाकरमान्यांच्या बागांमधील नुकसानीचे प्रमुख कारण म्हणता येईल.

४. उपाययोजनेचा घटक एकटे झाड नसून संपूर्ण परसबाग, आणि वस्तुतः संपूर्ण वाडी, हा आहे.

मुंबईत राहून गावची झाडे राखावयाची असतील, तर वर्षातून दोनदा येणारे प्रेम पुरेसे नाही. झाडाला त्याच्या वेळेवर माणूस लागतो. तो माणूस आपण स्वतः असू शकत नसू, तर त्याची व्यवस्था वेळेपूर्वी करून ठेवणे, हेच वारशाने आलेल्या झाडांप्रती आपले कर्तव्य ठरते.